राजम्याची पिशवी

नाझिब्रोलाच्या दुकानात स्टँड नव्हता.
होता तो नवऱ्याने नेला, गेला तेव्हाच.
तीन पायांचा, जर्मन.
दोघांपैकी स्टँडसाठी ती जास्त हळहळायची.

मग पिठाच्या पोत्यातून तिने एक पिशवी बेतली,
आत किलोभर राजमा,
डोंगरातल्या बहिणीकडचा, लाल.
पिशवी खुर्चीच्या पाठीवर, पिशवीवर झेनिट,
वरून तळहाताने हलकं दाबायचं
की अंड्यांवर कोंबडी बसावी
तसा कॅमेरा जागा करत करत बसायचा.
"गच्च भरू नकोस," मला सांगायची,
"तिसरा हिस्सा रिकामा ठेव.
नाहीतर तो नुसता डुगडुगतो."

मी नऊ वर्षांचा. शाळेत कोळसा नव्हता,
म्हणून शाळा नव्हती.

त्या हिवाळ्यात चिआतुरात वीज यायची
पाहुण्यासारखी, न सांगता,
आणि पान वाढायच्या आत निघून जायची.
केबलचे पाळणे दरीवर मधेच लटकलेले.
फ्लॅश नाही, दिवे नाहीत. खिडकी होती.
खिडकीला शिवणकामाचा पातळ कागद,
त्यावर कुणाच्या तरी ब्लाउजची बाही
अजून पेन्सिलीने आखलेली.
सावलीच्या बाजूला मी, हातात पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर चॉकलेटच्या चांद्या,
आधी चुरगळलेल्या, मग सपाट केलेल्या,
म्हणजे उजेड एका जागी टोचत नाही.
चांद्या जमवायला चार वर्षं लागली.
चॉकलेटं दुसऱ्यांनी खाल्ली.

लेन्सच्या तोंडाला चहाच्या डब्याचं झाकण,
मधून कापलेलं, आतून काजळी फासलेलं.
रस्त्यावर जायचं तर कॅमेऱ्याच्या बुडाला बोल्ट,
बोल्टला सुतळी, सुतळीचं टोक बुटाखाली,
आणि वर ताणून धरायचं, लगाम खेचावा तसं.
लोक हसायचे.
"हसा," ती म्हणायची, "आणि तसेच राहा."

कोंड्याचा मांडा.
फेब्रुवारीत कोंडाही संपला.

एका रविवारी तिने पिशवीची शिवण उसवली.
बोलली काही नाही. राजमा भिजत घातला.
कोथिंबीर नव्हती, अक्रोड होते चार.
जेवायला ती, मी आणि खालच्या मजल्यावरचे ओतिया,
खाणीतली काळी माती नखांत घेऊन.
त्यांनी विचारलं, "कुठून मिळाला?"
"स्टँड शिजवला," ती म्हणाली.

मंगळवारी त्सिउरी आली.
बुधवारच्या बसने निघणार होती ग्रीसला,
कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईला उठवायला-निजवायला.
मांडीवर मुलगी, दोन वर्षांची,
टोपी काढू देईना.
आभाळ भरलेलं. नाझिब्रोलाने मीटर पाहिला,
तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली.
पाव सेकंद. हातात धरून जमायचं नाही.
पिशवी खुंटीला, चपटी.
चांद्यांचा पुठ्ठा तिने ओतियांच्या हाती दिला,
मला स्टुलावर बसवलं
आणि कॅमेरा माझ्या खांद्यावर टेकवला,
मानेपाशी, गार.
"राजमा तुझ्यातच आहे," म्हणाली.
"श्वास घेऊ नकोस."

मी घेतला नाही.
पण पोट गुरगुरलं, मोठ्यांदा,
आणि ती मुलगी हसली.

रोलमधली शेवटची फ्रेम होती.
त्सिउरी स्वच्छ आली, कॉलरच्या बटणाची
चारही भोकं मोजता येतील अशी.
मांडीवर एक टोपी,
टोपीखाली हसण्याचा पांढरा फराटा.
त्सिउरी बराच वेळ बघत राहिली.
दुसरा काढू, वीज आली की,
नाझिब्रोला म्हणाली, बस विसरून.
तिने पैसे घेतले नाहीत.
त्सिउरीने तो फराटा
पासपोर्टात घातला.

मी हललो नव्हतो. बटण साक्षीला आहे.

आता माझ्याकडे कार्बनचा स्टँड आहे,
तीन पायांचा, एका बोटावर उचलता येईल असा.
पिशवीही आहे.
दर शरदात डोंगरातून नवा राजमा येतो,
तो भरतो, तिसरा हिस्सा रिकामा ठेवून,
आणि जुना शिजवतो.
जुन्याला जरा वेळ लागतो.